सत्तरची शेव्हेल आणि माझं गॅरेज: लोक सतत विचारतात ते प्रश्न

मी मिशिगनमध्ये राहतो आणि माझ्या गॅरेजात १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मलिबू आहे, जी मी २०१६ ला ट्रेलरवर घालून आणली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या चाकांवर बाहेर काढली. मंडळाच्या गणपतीत, पॉटलकला, व्हॉट्सॲपवर, पुण्याहून मामेभावाच्या मित्राच्या मित्राकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे, त्यामुळे जे लिहिलंय ते हात काळे करून शिकलेलं आहे आणि त्यात माझी मतंही भरपूर आहेत.

मसल कार म्हणजे नक्की काय? मस्टँग मसल कार आहे का?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, साधी, दोन दारांची अमेरिकन गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन कोंबलेलं. बहुतेक जण सुरुवात १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. त्या वेळी जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, पण जनरल मोटर्सच्याच पॉन्टिॲक शाखेच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या टीमने ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट लेमान्समध्ये 'ऑप्शन' म्हणून घातलं. नवीन मॉडेल असतं तर वरून मंजुरी लागली असती, ऑप्शनला कोण विचारतो. आपल्याकडे बांधकामाचा नकाशा पास करून घेताना जे चालतं तेच.

पुढे ती मर्यादा ४०० झाली आणि १९७० च्या मॉडेलसाठी काढूनच टाकली, म्हणून त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ क्युबिक इंचाचं, ७.४ लिटरचं इंजिन आलं. त्यातलं एलएस६ म्हणजे कंपनीच्या आकड्यानुसार ४५० हॉर्सपॉवर.

मस्टँग, कॅमॅरो यांना जाणकार लोक 'पोनी कार' म्हणतात. पण मोठं इंजिन असलेल्या मस्टँगला कोणी मसल कार म्हटलं तर भांडायला जाऊ नका, उगाच वेळ जातो.

मग तुझी एलएस६ आहे का?

नाही हो. माझी साधी मलिबू, ३५० क्युबिक इंचाची म्हणजे ५.७ लिटरची, ३०० हॉर्सपॉवरवाली. एलएस६ परवडली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

३०० हॉर्सपॉवर खरंच असतात का?

कागदावर. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा द्यायच्या, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, काही ओझं नाही, असं मोजलेलं. १९७२ पासून 'नेट' आकडा द्यायला लागले आणि त्याच ३५० फोर-बॅरल, म्हणजे चार तोंडांच्या कार्ब्युरेटरवाल्या, इंजिनावर १७५ लिहिलेलं दिसायला लागलं. लोकांना वाटतं दोन वर्षांत इंजिन निम्मं झालं. तसं नाही, मोजायची पद्धत बदलली, आणि त्याआधी १९७१ ला कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ वरून साडेआठवर आणलं होतं कारण शिसं नसलेल्या पेट्रोलची तयारी चालू होती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

शेव्हेलच का घेतलीस?

तीन कारणं, पण खरं एकच. या गाडीला वेगळी फ्रेम आहे, म्हणजे खाली चॅसी आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली, जसं ट्रकला असतं. त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि खालचं काम उभं राहून करता येतं. मस्टँगसारख्या गाडीत पत्राच फ्रेम असतो, तो सडला की गाडीचा कणा सडला. बाकीची कारणं म्हणजे पार्ट्स मुबलक, आणि मला तिचा मागचा भाग आवडतो.

खरं कारण सांगू का, आजोबा शिवडीबद्दल सांगायचे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, १९५४ ला गाशा गुंडाळला. आजोबा शेवटपर्यंत शेव्हरोलेला 'शेवरलेट'च म्हणायचे, ट ठणठणीत. तो शब्द डोक्यात बसला होता.

एकूण खर्च किती आला?

गाडी ९ हजार डॉलरला घेतली. गंजलेली, इंजिन होतं पण फिरत नव्हतं, सीटवर उंदरांचा संसार. आज हिशोबाची वही ४१ हजारावर थांबली आहे आणि यात माझी मेहनत शून्य रुपये धरली आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुतेक माझ्यासारख्यासाठीच केली असावी.

विकली तर एवढे येणार नाहीत. हे आधीच मान्य करून उतरा. यात पैसे कमवायचे असतील तर एकच रस्ता आहे, दुसऱ्याने अर्धवट बनवून कंटाळून विकलेली गाडी घ्यायची, म्हणजे त्याचं नुकसान तो सोसून बसलेला असतो. खरं तर पहिली गाडी असेल तर मी सगळ्यांना हेच सांगतो, जास्त पैसे देऊन चांगल्या पत्र्याची गाडी घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, सीट हे सगळं विकत मिळतं आणि बोल्टने बसतं. पत्रा मात्र तासांत मोजला जातो, आणि तास सगळ्यात महाग.

गाडी बघायला गेल्यावर गंज कुठे शोधायचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच कोणी विचारत नाही, सगळे इंजिन कितीचं विचारतात. इकडे मिशिगन, ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पन्नास वर्षं पत्रा खातंय. म्हणून लोक ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली गाडी शोधतात, तिथे सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने फाटलेले असतात पण पत्रा खणखणीत.

१९६८ ते ७२ शेव्हेलसाठी माझा क्रम असा. आधी मागच्या काचेच्या खालची पट्टी, तिथे पाणी साचतं आणि तिथून डिकीत गळतं. व्हिनाइल छप्पर असेल तर दुप्पट संशय घ्या, त्या कापडाखाली ओलावा वर्षानुवर्षं राहतो. मग डिकीची फरशी, मॅट उचलून. मग मागच्या चाकाच्या कमानी आणि त्यामागचा क्वार्टर पॅनेलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याचा, खालचा भाग. मग पायाखालचा पत्रा, गालिचा उचलायला विकणारा नाही म्हणाला की तिथेच उत्तर मिळालं. मग पुढच्या काचेचं बूड आणि काउल, म्हणजे वायपरच्या खालचा डबा. त्यावर एक तांब्या पाणी ओता आणि आतून पाय ठेवायच्या जागी ओलं होतंय का बघा. शेवटी गाडीखाली जाऊन फ्रेम, खास करून मागच्या चाकांच्या आसपास, स्क्रूड्रायव्हरने टोचून. घणघण आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर उठा आणि घरी या.

सोबत एक छोटं लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दुरून डोंगर साजरे, आणि ऑनलाइन फोटोत तर सगळेच डोंगर साजरे.

विकणारा म्हणतो 'ओरिजिनल एसएस' (सुपर स्पोर्ट) आहे. विश्वास ठेवू का?

कागद बघितल्याशिवाय अजिबात नाही. १९६६ ते ६८ ला सोपं होतं, एसएस ३९६ ला स्वतःचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, होता, १३८ ने सुरू होणारा. १९६९ पासून एसएस हे एक ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे १९७० च्या एसएस ४५४ चा आणि माझ्यासारख्या साध्या व्ही८ मलिबूचा व्हीआयएन दोन्ही १३६ नेच सुरू होतात. पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही८ मलिबू, पुढचा ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे, मग ० म्हणजे १९७०, मग कारखान्याचं अक्षर, बाल्टिमोरचं 'बी', कॅन्सस सिटीचं 'के'. यात इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. इंजिनाचं अक्षर व्हीआयएनमध्ये आलं ते १९७२ ला.

मग पुरावा कसला? बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यात जोडणी करणाऱ्यांसाठी छापलेला कागद, जो बरेचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. माझ्या टाकीवर सापडला, निम्मा उंदराने खाल्लेला. फोर्डवाल्यांचं नशीब थोर, त्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नोंदींचा उतारा, मिळतो, पॉन्टिॲकवाल्यांनाही जुन्या नोंदी मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेच्या तशा नोंदी मिळत नाहीत, म्हणून या गाड्यांत नकली एसएस जास्त. बॅज आणि पट्टे विकत मिळतात, एका दुपारचं काम आहे.

इंजिनावर, उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे एक छोटी सपाट जागा असते, तिथे इंजिनाचा कोड आणि गाडीच्या व्हीआयएनचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळले की 'नंबर्स मॅचिंग'. तीही जागा घासून नवे आकडे ठोकणारे महाभाग आहेत, म्हणून मोठी रक्कम देणार असाल तर पैसे देऊन जाणकार माणूस सोबत न्या.

एक गंमत, १९७० चं एसएस ३९६ बहुतेक ४०२ क्युबिक इंचाचं होतं. इंजिन वाढवलं पण ३९६ नाव खपत होतं म्हणून तेच ठेवलं.

ओरिजिनल ठेवायची की नवीन इंजिन, नवीन ब्रेक सगळं बदलायचं?

पहिला बोल्ट सोडायच्या आधी हे ठरवा, मधे ठरवलं तर दोन्हीकडचे पैसे जातात. खरी एसएस असेल, कागद असतील तर हात लावू नका, जशी होती तशी करा. माझ्यासारखी साधी मलिबू असेल तर देवाने तुम्हाला मोकळीक दिली आहे, पाहिजे ते करा. मी मधला मार्ग घेतला, दिसायला बाहेरून १९७०, पण पुढे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर आणि सीटबेल्ट चांगले. मला गाडी चालवायची होती, मखरात बसवायची नव्हती.

पहिलं काम काय? पूर्ण सुटी करायची ना?

नाही नाही नाही. हे मला कोणी २०१६ ला ओरडून सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

मी पहिल्या तीन वीकेंडमध्ये सगळी गाडी सोडून ठेवली, कारण सोडायला मजा येते, प्रत्येक तासाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं. मग गॅरेजात गाडी नव्हती, गॅरेजात खोकी होती. माणूस खोक्यांकडे बघून खचतो. या छंदात गाड्या मरतात त्या गंजाने कमी आणि खोक्यात जास्त. 'प्रोजेक्ट, ९० टक्के पार्ट्स सोबत' अशी जाहिरात वाचली की समजायचं एक माणूस खचला.

योग्य क्रम माझ्या मते असा की आधी गाडी आहे तशी चालू करा, घाण दिसू दे, गंजकी असू दे, पण इंजिन फिरू दे, ब्रेक लागू दे, गल्लीत एक चक्कर मारू दे. म्हणजे कळतं गिअरबॉक्स चांगला आहे का, मागच्या एक्सलला आवाज आहे का, गाडी एका बाजूला ओढते का. सुट्या गाडीत हे काहीच कळत नाही आणि मग चांगला गिअरबॉक्स उगाच उघडला जातो. त्यानंतर एका वेळी एकच भाग हातात घ्या, पुढचं सस्पेन्शन झालं की मग ब्रेक, मग मागचं. गाडी जास्तीत जास्त दिवस चाकांवर राहिली पाहिजे.

आणि सोडताना प्रत्येक बोल्टची जागा लिहा. झिपवाल्या पिशव्या, मार्कर, आणि फोन. 'हे तर लक्षात राहीलच' असं वाटतं, पण दोन वर्षांनी तोच बोल्ट हातात घेऊन तुम्ही अंगणात उभे असता. जुना पार्ट कितीही सडका असला तरी नवीन बसल्याशिवाय फेकू नका, तोच तुमचा नमुना.

पत्र्याचं काम घरी जमेल का? वेल्डिंग येत नाही.

मलाही येत नव्हतं. छोटं मिग वेल्डर घ्या, घरच्या प्लगवर चालणारं, ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्रणाचा सिलिंडर. बिनगॅसच्या तारेने पातळ पत्रा जोडू नका, भोकं पडतात आणि वैताग येतो. महिनाभर भंगारच्या पत्र्यावर सराव करा.

युक्ती एकच आहे, सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग मधे, मग दुसऱ्या टोकाला, मधे हात लावून बघायचं गरम आहे का. पत्रा तापला की फुगतो, थंड झाला की आक्रसतो, आणि मग क्वार्टर पॅनेलवर लाट उठते जी कुठल्याही पेंटने झाकली जात नाही. मी पहिल्या पॅनेलला घाई केली आणि उन्हात ती लाट आजही दिसते, ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर. कोणाला सांगू नका, म्हणजे बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मोठी आहे. मोठा पत्रा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आतून आधाराच्या नळ्या वेल्ड करा, नाहीतर बॉडी बसते आणि दारं लागत नाहीत. आणि नवीन क्वार्टर कायमचं जोडायच्या आधी दार, डिकीचं झाकण, मागचा बंपर सगळं लावून फटी बघा. लावा, काढा, लावा, काढा. कंटाळा येतो पण इलाज नाही. नवीन तयार केलेले पत्रे दिसायला तसेच असतात पण बसायला नसतात. मी मागवलेलं एक पॅनेल दाराच्या बाजूला जवळजवळ एक सेंटिमीटर कमी भरलं. कापून, तुकडा जोडून बसवलं.

लांबी भरणं म्हणजे फसवणूक आहे का?

गंजाच्या भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी थापली तर फसवणूक. नीट वेल्ड केलेल्या पत्र्यावर दीड-दोन मिलिमीटरचा थर देऊन तो लांब फळीने घासून काढला तर ती कारागिरी. कारखान्यातसुद्धा छप्पर आणि क्वार्टर जिथे जुळतात तिथला सांधा शिशाने भरलेला असायचा. ते शिसं घासताना चांगला मास्क लावा, आणि मुलं गॅरेजात नकोत.

सँडब्लास्टिंग करून घेऊ का?

फ्रेम, सस्पेन्शन, जाड लोखंड असेल तर बिनधास्त. बॉनेट, छप्पर, दार अशा मोठ्या सपाट पत्र्यावर वाळू जोरात मारली तर पत्रा वाकडा होतो आणि परत सरळ होत नाही. ब्लास्ट करणाऱ्याला आधी स्पष्ट विचारा की तो मोठ्या पत्र्याला काय वापरतो, आणि उत्तर 'काळजी करू नका' असं आलं तर काळजी करा. ब्लास्ट झालेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे, इथल्या दमट हवेत एका रात्रीत केशरी रंग चढतो.

इंजिन घरी उघडता येईल का?

शेव्हरोलेचं छोटं व्ही८ शिकायला सगळ्यात चांगलं इंजिन आहे, १९५५ पासून बनतंय, पुस्तकं ढिगाने, पार्ट्स किराणा मालासारखे मिळतात. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं हे मशीन शॉपला द्या, जोडणी घरी करा. टॉर्क रेंच चांगला घ्या. हेडचे बोल्ट ६५ फूट-पाउंड, तेही तीन टप्प्यांत आणि मधून बाहेर. हे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उघडतात म्हणून त्यांच्या आट्यांना सीलंट लावावा लागतो, तो विसरलं की कूलंट बोल्टवरून चढतं. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, ही पाठ करा, अथर्वशीर्षानंतर मला पाठ असलेली ही दुसरी गोष्ट.

आता खरी धोक्याची जागा. जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेट कॅमचा पहिला अर्धा तास. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि लिफ्टर म्हणजे त्यावर टेकणारे दट्टे. नवीन कॅम आणि नवीन लिफ्टर एकमेकांवर घासून बसायचे असतात, आणि त्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने उडालेलं. आयडलवर ते पुरत नाही. म्हणून इंजिन सुरू झालं की लगेच दोन ते अडीच हजार आरपीएमवर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत ठेवायचं. याचा अर्थ ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं पाहिजे, अर्धा तास स्टार्टर घुमवत बसलात तर कॅमवरचं लेप केलेलं ग्रीस पुसून जातं आणि कॅम खलास. त्यासाठी आधी ड्रिल मशीनने तेलाचा पंप फिरवून तेल वरपर्यंत चढवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरा, टायमिंग हाताने लावून ठेवा, रेडिएटर भरा, समोर पंखा लावा, शेजाऱ्यांना सांगा.

तेलही साधं नको. हल्लीच्या गाड्यांच्या तेलात झिंक-फॉस्फरसवालं मिश्रण कमी केलेलं असतं कारण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, पण आपल्या जुन्या कॅमला तेच लागतं. ब्रेक-इन ऑइल म्हणून वेगळं मिळतं. हे सगळं नको असेल तर रोलर कॅम बसवा, महाग आहे पण रात्री झोप लागते.

एलएस इंजिन टाकू का? सगळे टाकतात.

एलएस म्हणजे (सत्तरच्या एलएस६ शी गल्लत नको) जनरल मोटर्सचं १९९७ पासूनचं नवीन व्ही८ कुटुंब, ॲल्युमिनियम हेड, इंजेक्शन, कम्प्युटर. तयार खोक्यातलं एलएस३ ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, थंडीत एका स्टार्टमध्ये चालू, ॲव्हरेज बरं. अक्कलेने विचार केला तर तेच बरोबर. फक्त इंजिनाची किंमत बघू नका, त्याच्याबरोबर टाकीतला पंप, वायरिंग, कम्प्युटर, क्रॉसमेंबरला न अडकणारा ऑइल पॅन, एक्झॉस्ट, गिअरबॉक्स हे सगळं येतं. मी नाही टाकलं. बॉनेट उघडल्यावर मला केशरी रंगाचं इंजिन दिसायला हवं होतं, बस्स, यात अक्कल नाही हे मान्य.

ब्रेक आधी की पेंट आधी?

आधी लगीन कोंडाण्याचं. ब्रेकच्या रबरी नळ्या, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लोखंडी पाइप सगळं नवीन. पन्नास वर्षांची रबरी नळी बाहेरून ठीक दिसते आणि आतून सुजलेली असते. १९६६ पर्यंतच्या गाडीत एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असतो, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, तो तर आजच बदला. आणि ब्रेक ऑइल, सिलिकॉनचं डॉट ५ आणि साधं डॉट ३, कधीही मिसळू नका.

टायरचंही तेच. नक्षी नवी दिसते म्हणून खूश होऊ नका, बाजूला चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. माझ्या गाडीबरोबर आलेल्या टायरवर तीनच आकडे होते, म्हणजे २००० सालाच्या आधीचे.

वायरिंग दुरुस्त करू की नवीन?

नवीन. तयार हार्नेस मिळतो, रंगसुद्धा मूळचेच. आधीच्या मालकांनी तीन स्टिरिओ आणि दोन हॉर्न जोडताना जे काय केलेलं असतं त्यातूनच आग लागते. अर्थिंगच्या पट्ट्या विसरू नका, निम्मे विजेचे भुताटकीचे प्रकार तिथेच मिटतात.

पेंट घरी करावा का?

प्रायमर घरी, शेवटचा रंग मी बाहेर दिला. कारखान्यात त्या काळी ॲक्रिलिक लॅकर मारायचे, आता बेसकोट आणि त्यावर क्लिअरकोट. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं नडतं, साधा कोळशाचा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारी यंत्रणा लागते. घरात दमेकरी असेल तर विषयच नको. रंगाचा सगळ्यात जास्त वेळ रंगात जात नाही, घासण्यात जातो. माझी क्रॅनबेरी रेड, कोड ७५, काउलवरच्या पट्टीवर जो होता तोच. बायकोला निळी हवी होती.

पार्ट्स मिळतात का?

शेव्हेल, कॅमॅरो, मस्टँगचे इतके मिळतात की नवीन पत्र्याची पूर्ण बॉडीसुद्धा विकत मिळते. डॉज, प्लिमथचे कमी आणि महाग. ब्युइक, ओल्ड्समोबिलच्या बारीकसारीक पट्ट्यांसाठी भंगारवाले आणि स्वॅप मीट. क्रोम परत चढवून घेणं फार महाग झालंय, पण काचेभोवतीच्या पट्ट्या बहुतेक स्टेनलेसच्या असतात, त्या घरी ठोकून, घासून, पॉलिश करून आरशासारख्या होतात. हे काम मला सगळ्यात आवडलं, आई इकडे आली होती तेव्हा तिनेही दोन पट्ट्या पितांबरीच्या सरावाच्या हाताने चमकवल्या.

पेट्रोल कुठलं आणि ॲव्हरेज किती?

प्रीमियम, कॉम्प्रेशन जास्त आहे म्हणून. लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर, हायवेला थोडं बरं. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला. हिवाळ्यात गाडी चार-पाच महिने उभी राहते तेव्हा टाकी भरून स्टॅबिलायझर टाका.

विमा?

क्लासिक गाड्यांचा वेगळा विमा असतो, 'ॲग्रीड व्हॅल्यू' असं लिहून घ्या, म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळते. साध्या विम्यात तुमची गाडी म्हणजे पन्नास वर्षं जुनं भंगार. हप्ता आश्चर्य वाटेल एवढा कमी आहे कारण अशी गाडी कोणी ऑफिसला नेत नाही. बनवताना रोज फोटो काढले असतील तर किंमत ठरवताना कामाला येतात.

बनवून झाली की भारतात नेता येईल का?

हा प्रश्न पुण्याचाच असतो. २०२१ पासून भारतात पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत, आणि ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठी. म्हणजे एलएस टाकलेली शेव्हेल तिथे बसत नाही. शिवाय कस्टम ड्युटी, जहाजाचं भाडं आणि कागदपत्रं. ज्यांना परवडतं ते मला विचारत नाहीत.

त्यापेक्षा माझं ऐका, तिकडे जुनी पद्मिनी किंवा जीप मिळाली तर ती बनवा. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये एके काळी डॉज, प्लिमथच जोडायचे, त्यामुळे जुन्या अमेरिकन लोखंडाशी नातं हवंच असेल तर ते तिकडेही सापडेल. वेल्डिंग, ब्रेक, वायरिंग सगळं तेच शिकायला मिळतं आणि भंगारबाजारातला कारागीर तुम्हाला एका तासात जे दाखवेल ते मी एका महिन्यात शिकलो.

घरचे काय म्हणतात?

पहिली दोन वर्षं बायको गाडीला 'ती' म्हणायची आणि सूर चांगला नव्हता. बर्फात स्वतःची गाडी बाहेर उभी करावी लागायची तिला. मग एकदा मी वायपरच्या खालचा पत्रा जोडत होतो, माझा हात आत पोचत नव्हता, तिचा पोचला. त्या जागेचे चार बोल्ट तिने लावलेत. आता पाहुण्यांना तीच आधी ते दाखवते, मग मला माझी बाकीची गाडी दाखवू देते.

वुडवर्डला नेतोस का?

दरवर्षी. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटकडची जुन्या गाड्यांची जत्रा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, १९९५ पासून, त्याच वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जिथे साठच्या दशकात या गाड्या सिग्नलला एकमेकींशी शर्यत लावायच्या. आता एवढी गर्दी असते की दोन मैल जायला तास लागतो. ऊन, क्लच, चढलेला पारा. २०२२ ला पहिल्यांदा नेली तेव्हा बाराव्या मैलाच्या आसपास इंजिन तापून बंद पडली आणि शेजारच्या लेनमधल्या एका सत्तरीतल्या काकांनी त्यांच्या जीटीओतून उतरून न विचारता बॉनेट उघडलं, बघितलं आणि म्हणाले पंख्याचं आवरण कुठाय? ते माझ्या गॅरेजात होतं, पिशवीत, लेबल लावून.